मुलांची सहल आणि मुक्कामाचा हिशेब

सुट्टी जवळ आली की मुंबई-पुण्याकडील घराघरांतून मुलांचा एकच आग्रह ऐकू येतो : खोपोलीजवळचे इमॅजिका. रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गापासून जवळच, २०१३ साली हे थीम पार्क सुरू झाले; पुढे शेजारीच जलउद्यानही आले. तिकिटांची चौकशी आपण आठवडाभर करतो. मुक्कामाचा निर्णय मात्र खोलीचा दर पाहून घटकाभरात उरकतो. आमचीही चूक हीच झाली.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही सहा जण गेलो. धाकटा चार वर्षांचा आणि सासूबाईंचा चौविहार. खोली स्वस्त मिळाली म्हणून घाट चढून लोणावळ्यास उतरलो. परतताना घाटात वाहनांची रांग लागली. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. आम्ही खोलीवर पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. मूल रडून रडून झोपले होते आणि सासूबाई काही न बोलता उपाशी निजल्या. खोलीमागे वाचवलेल्या रकमेचा जमाखर्च त्या रात्री मला उलटा दिसला.

तेव्हापासून हॉटेल ठरविताना मी प्रथम अंतर पाहते, तेही किलोमीटरमध्ये नव्हे, वेळेत. पार्कला लागून असलेले हॉटेल महाग वाटते. परंतु दूरच्या खोलीच्या दरात इंधन, टोल आणि वाया जाणारे दोन-तीन तास मिळवून पाहावेत. पायी जाण्याजोग्या अंतरावर खोली असेल तर एक मोठे माणूस थकलेल्या मुलाला दुपारी निजवू शकते. मात्र एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत सोडतात का, हे आधी विचारावे.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघराची. ‘जैन भोजन मिळेल’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. कांदा-लसूण वर्ज्य करून बटाटा मात्र घालणारे आचारी पुष्कळ आहेत. कंदमुळे पूर्ण टाळतात का, भांडी व तवा वेगळा असतो का, सूर्यास्तापूर्वी ताजे जेवण ताटात येईल का, उकळलेले पाणी मिळेल का, हे प्रश्न स्पष्ट विचारावेत आणि उत्तर लेखी घ्यावे. बहुतेक पार्कांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत. त्यामुळे घरच्या डब्याचा आधार खोलीवरच मिळतो.

तिसरी गोष्ट मुलांच्या सुरक्षिततेची. सज्जाचे कठडे, पोहण्याच्या तलावाभोवतीचे कुंपण, जवळच्या डॉक्टरांची सोय, किती वयापर्यंत मुलाचे वेगळे पैसे घेत नाहीत, याची माहिती खोली राखण्यापूर्वीच घ्यावी. मुलांची उंचीही घरीच मोजून न्यावी. अनेक मोठ्या राइड्सना किमान उंचीची अट असते. धाकट्याच्या वाट्याला थोड्याच राइड्स असतील, तर त्याचा अर्धा दिवस हॉटेलच्या अंगणातच जाणार, हे ध्यानात ठेवून जागा निवडावी.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी पार्कजवळ उतरलो. खोलीमागे अधिक पैसे मोजले, म्हणून मुक्काम एका रात्रीचाच ठेवला. सायंकाळी पाच वाजता सासूबाई शांतपणे जेवत होत्या आणि शेजारी धाकटा गाढ झोपला होता. हिशेब जुळला.