सुरांवर चालणारा प्रकाश

म्हणजे काय? आवाजातले चढउतार मोजून त्याच क्षणी दिव्यांची तीव्रता किंवा रंग बदलणारी रचना. टाइमकोडला बांधलेली प्रकाशयोजना वेगळी. तिथले दिवे घड्याळ पाहतात, गाणे ऐकत नाहीत.

मागचे टप्पे

• १७२५ : फ्रान्समधील जेझुइट पाद्री लुई बर्त्राँ कास्तेल यांची ‘डोळ्यांसाठी हार्प्सिकॉर्ड’ची कल्पना. पट्टी दाबली की रंग.

• १९१० : रशियन संगीतकार स्क्रियाबिन यांचे ‘प्रोमिथियस’ पूर्ण. स्वरलिपीत दिव्यांसाठी स्वतंत्र ओळ. १९११ मध्ये मॉस्कोतला पहिला प्रयोग मात्र दिव्यांविनाच. ते लागले १९१५ मध्ये, न्यूयॉर्कला.

• १९६७ : मॉन्ट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात संगीतकार झेनाकिस यांचे ‘पॉलिटोप’. पोलादी तारांवर सुमारे १,२०० फ्लॅश दिवे. गंमत म्हणजे, इथे प्रकाश संगीताच्या मागे धावत नाही. दोन्ही स्वतंत्रपणे रचलेले.

आत काय चालते? माइकवरच्या आवाजाचे सेकंदाला साधारण ४४,१०० नमुने घेतले जातात. १,०२४ नमुन्यांचा एक तुकडा, म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद. फूरिये रूपांतर त्याचे खालचे, मधले, वरचे असे कंप्रतेचे पट्टे पाडते. डग्ग्याचा घुमारा खालच्या पट्ट्यात सापडतो. तबल्याच्या चाटेवरच्या, म्हणजे कडेवरच्या, ‘ना’ची धार वरच्या. त्यामुळे घुमाऱ्याला जमिनीलगतचे दिवे आणि ‘ना’ला छतावरचे, अशी वाटणी करता येते. दिवा झटकन पेटवतात, पण सावकाश विझवतात. नाहीतर नुसती लुकलुक.

डीएमएक्स ५१२ : दिव्यांना हुकूम पोचवणारी प्रमाणित पद्धत, १९८६ पासूनची. एका केबलवर ५१२ चॅनेल, प्रत्येकाला ० ते २५५ पायऱ्या.