विश्लेषण: वंशावळ, सगेसोयरे, पात्र… मनोज जरांगे यांचा लढा तीन शब्दांभोवती का फिरला?

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ च्या ऑगस्टपर्यंत राज्याला फारसे ठाऊक नव्हते. २९ ऑगस्टला मनोज जरांगे तेथे उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला पोलिसांनी लाठीमार केला आणि गाव राज्याच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी आले. मराठा आरक्षणाची मागणी जुनी होती. मग जरांगे यांनी तिच्यात नवे काय आणले?

जरांगे कोण?

ते मूळचे बीड जिल्ह्यातील मातोरीचे. पोटापाण्यासाठी जालना जिल्ह्यात आले, हॉटेलात काम केले. काही काळ ते काँग्रेसचे कार्यकर्ते होते. पुढे त्यांनी शिवबा संघटना काढली. २०२१ मध्ये साष्टपिंपळगाव येथे त्यांनी दीर्घकाळ आंदोलन केले होते.

मागणीची दिशा का बदलली?

राज्याने २०१८ मध्ये मराठा समाजाला १६ टक्के आरक्षण दिले. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्क्यांवर आणले. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५० टक्क्यांच्या मर्यादेवर बोट ठेवत ते रद्द केले. स्वतंत्र आरक्षणाची वाट अशी अडली.

जरांगे यांनी वेगळी वाट धरली. मराठवाड्यातील मराठे मूळचे कुणबी आहेत आणि कुणबी ओबीसी प्रवर्गात आहेतच. तेव्हा कुणबी प्रमाणपत्रे द्या, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे प्रश्न टक्केवारीचा न राहता पुराव्याचा झाला. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्या काळातील कुणबी नोंदी अनेक कुटुंबांच्या हाती नव्हत्या.

तीन शब्द कोणते?

पहिला ‘वंशावळ’. निजामकालीन नोंदी आणि वंशावळ दाखवणाऱ्यांना प्रमाणपत्र देण्याचा निर्णय सरकारने ७ सप्टेंबर २०२३ रोजी काढला. ज्यांच्याकडे नोंदच नाही त्यांना याचा काय उपयोग, असा जरांगे यांचा आक्षेप होता. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने शोधलेल्या नोंदींपैकी बहुतांश मराठवाड्याबाहेरच्या निघाल्या.

दुसरा ‘सगेसोयरे’. जानेवारी २०२४ मध्ये मोर्चा नवी मुंबईत पोहोचल्यावर, नोंद सापडलेल्यांच्या नातेवाइकांनाही लाभ देणाऱ्या अधिसूचनेचा मसुदा निघाला. पुढच्या महिन्यात विधिमंडळाने १० टक्के स्वतंत्र आरक्षणाचा कायदा केला. जरांगे यांना मात्र ओबीसीतूनच आरक्षण हवे होते.

तिसरा ‘पात्र’. २९ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईत आझाद मैदानावर उपोषण झाले. २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला. आधीच्या मजकुरातील ‘पात्र’ हा शब्द आंदोलकांच्या आक्षेपानंतर वगळण्यात आला.

विरोध कशाला?

छगन भुजबळ यांच्यासह ओबीसी नेत्यांच्या मते हा ओबीसी आरक्षणात मागच्या दाराने प्रवेश आहे. मोठा समाज आला तर लहान जातींच्या वाट्याला काय उरेल, ही त्यांची भीती. जून २०२४ मध्ये लक्ष्मण हाके यांनी अंतरवालीजवळच वडीगोद्री येथे प्रतिउपोषण केले. २०२५ च्या निर्णयालाही न्यायालयात आव्हान दिले गेले.

मतपेटीत काय दिसले?

२०२४ च्या लोकसभेत जालन्यात रावसाहेब दानवे आणि बीडमध्ये पंकजा मुंडे पराभूत झाल्या. त्यामागे आंदोलनाचा परिणाम असल्याचे मानले गेले. विधानसभेला उमेदवार देण्याचा विचार जरांगे यांनी अखेरच्या क्षणी सोडला आणि महायुतीने मोठा विजय मिळवला.

पुढे काय?

शासन निर्णय ही पहिली पायरी आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावरही जात पडताळणी समितीसमोर ते टिकावे लागते आणि राज्याच्या कायद्यानुसार दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराचीच असते. म्हणजे मंत्रालयात एक शब्द वगळला गेला, तरी प्रवेशाच्या रांगेतील मुलाला आपल्या घरातली जुनी नोंद शोधावीच लागते.