घरच्या बॅकअपसाठी नॅस घेताय? पैसे डिस्कवर घाला

फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं नेटवर्कवर एकाच जागी ठेवायला महागडा नॅस लागत नाही. दोन हार्ड डिस्क बसतील असा साधा डबा पुरतो. सिनॉलॉजीचा डीएस२२३जे त्यातलाच, १ जीबी रॅमचा. गिगाबिट नेटवर्क सेकंदाला साधारण ११० एमबीच्या आसपासच थांबतं, त्यामुळे नुसत्या बॅकअपसाठी तगडा प्रोसेसर वायाच जातो.

डिस्क मात्र नीट पारखून घ्या. ती ‘सीएमआर’ प्रकारची आहे ना, ‘एसएमआर’ नाही ना, हे कंपनीच्या माहितीपत्रकात बघाच. ‘एसएमआर’ डिस्कमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक डिस्क बिघडून नवी बसवली, की तिच्यावर सगळा डेटा पुन्हा उतरवायला अशा डिस्कला फार वेळ लागू शकतो. वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२०मध्ये उघड झालं, तेव्हा ग्राहक चांगलेच संतापले होते.

आणि कळकळीने सांगते, दोन डिस्कवर एकसारखी नक्कल ठेवणारं ‘रेड १’ म्हणजे बॅकअप नव्हे! चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. वेगळ्या यूएसबी डिस्कवर नियमित कॉपी काढा, ती शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा. नॅसला छोटा यूपीएसही जोडा.