मोतद्दाराची रात्र

पुसदात घोडा दिसतो तो लग्नसराईत. पुढे बँड, मागे जनरेटरची गाडी, मधे घोडा आणि घोड्यावर अवघडून बसलेला नवरदेव. फोटोग्राफर येतो, नवरदेवाला तलवार नीट धरायला लावतो आणि लगाम धरून उभ्या असलेल्या माणसाला नुसत्या हातानं खुणावतो : जरा बाजूला. माणूस दोर तेवढा लांब सोडतो आणि फोटोतून बाहेर सरकतो. माझ्या लग्नाच्या अल्बममधे एका फोटोच्या कडेला एक कोपर आलं आहे. आमच्याकडचं कुणाचं नाही. त्याचंच असणार.

हे कोपर मला आठवलं ते संपादकांच्या फोनमुळे. "माळेगावच्या घोडेबाजारावर रंगीत काहीतरी लिहा, किमती टाका, वाचक किमती वाचतात," असं त्यांचं म्हणणं. मार्गशीर्षातली थंडी. पुसदहून उमरखेड, हदगाव, नांदेड, आणि तिथून लातूरच्या रस्त्यानं लोहा मागे टाकत माळेगाव. एसटीत बसतानाच भंडारा लावलेले लोक भेटू लागतात.

यात्रेचा इतिहास कुणीही सांगेल. खंडोबाचं ठाणं, मार्गशीर्ष वद्य पक्षाच्या शेवटी भरणारी जत्रा, देवस्वारी, पालखी, वाघ्या-मुरळी, कुस्त्या, लावणीचा कला महोत्सव. नांदेड जिल्हा परिषदेच्या मंडपांत पशुप्रदर्शन भरतं. लाल कंधारी बैल इथले घरचेच, त्यांच्या जोडीला घोडे, कुत्री, कोंबड्याही. भटक्या जमातींच्या जुन्या भेटीगाठी इथल्याच. देवच घोड्यावर बसणारा, त्यामुळे घोड्यांचा बाजार ओघानं आलाच. महाराष्ट्रात दुसरा असा मोठा बाजार तापीकाठच्या सारंगखेड्याला, दत्तजयंतीचा. तिकडे अलीकडे 'चेतक फेस्टिव्हल' होतो, तंबू लागतात, पर्यटक येतात. माळेगावला अजून धूळ आहे.

घोड्यांच्या रांगेतून हिंडताना कळतं, की घोड्याबद्दल जगाला सगळं ठाऊक असतं. कुमैत की अबलख, नुकरा की मुश्की, पंचकल्याणी असेल तर चारी पाय आणि कपाळ पांढरं. भोवरे कुठं आहेत, शुभ की अशुभ. मारवाडी असेल तर कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडतात का. उंची, दात, बाप कोण, आजा कोण, रेवाल चाल कशी. हे सगळं मालक तोंडपाठ सांगतो. घोड्याच्या पिछाडीला पोत्यावर बसलेल्या माणसाबद्दल विचारलं तर म्हणतो, "आपलाच पोऱ्या आहे." पोऱ्या पंचावन्नच्या पुढचा होता.

मी त्याला मामा म्हणू लागलो, तो मला सर. उमरखेडकडचा निघाला, म्हणून बोलणं जमलं. मराठीत या कामाला एक भारदस्त शब्द आहे, मोतद्दार. पेशवाईच्या कागदांत, जुन्या कोशांत तो मानानं बसला आहे. मामाला तो ऐकूनसुद्धा ठाऊक नव्हता. "आमाले घोडेवाला म्हनते. पन घोडं तं मालकाचं हाय," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

त्याचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. आधी लीद उचलायची, मग पाणी. एका घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर लागतं, आणि जत्रेत टँकर कुठं उभा राहील याचा भरवसा नाही. बादल्या लांबून वाहाव्या लागतात. मग भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी तोबऱ्यातून. मग खरारा. आधी गोल गोल हात फिरवून मळ वर काढायचा, मग ब्रश केसांच्या दिशेनं. आयाळ विंचरायची, शेपूट धुवायची, एकेक पाय उचलून खुराच्या खाचेतली घाण आकडीनं काढायची. खूर महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, म्हणून दीड महिन्यानं नालबंद. हे करताना मामा घोड्याशी एक शब्दही बोलत नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, हातानं बोलतो ना.

पण मी माळेगावला एका रात्रीसाठी गेलो आणि तिसऱ्या दिवशी परतलो, ते यासाठी नाही. रात्री दोनच्या सुमाराला मामा घोंगडी बाजूला सारून उठला, घोड्याच्या उजव्या बाजूला गेला आणि कुशीच्या वरच्या अंगाला कान लावून उभा राहिला. बराच वेळ. मला वाटलं, माणूस उभ्यानं झोपला. मग त्यानं मला बोलावलं आणि कान लावायला सांगितलं. आधी नुसती ऊब आणि घामाचा वास. मग आतून, खोल कुठंतरी, टाकीतून एकदम पाणी सुटावं तसा आवाज आला आणि थांबला. "आता मोजा," तो म्हणाला. दीडेक मिनिटानं पुन्हा आला. दुसऱ्या दिवशी एका पशुवैद्याला विचारलं. लहान आतड्यातून मोठ्या अंधांत्रात ऐवज उतरताना तसा आवाज येतो, निरोगी घोड्यात दर एक ते तीन मिनिटांनी, आणि तो ऐकायची जागा अगदी तीच. स्टेथोस्कोपशिवाय, शाळेशिवाय, मामाला ती जागा सापडलेली होती.

पोट मुकं झालं की तो घाबरतो. घोड्याला उलटी होत नाही. निसर्गानं त्याला ती सोयच दिलेली नाही. जे खाल्लं ते पुढेच सरकलं पाहिजे. वैरण बदलली, पाणी कमी पडलं, थंडी पडली, लांबचा प्रवास झाला, की पोटशूळ उठतो, आणि सकाळी लाखाचं जनावर आडवं. जत्रेत या चारही गोष्टी एकाच वेळी होतात. त्यात शेजारच्या रांगेतला नर दावं तोडतो, फटाके वाजतात, चोराची भीती असते. घोडा चोवीस तासांत जेमतेम तीन तास झोपतो, तेही तुकड्यातुकड्यानं आणि बरंचसं उभ्यानं. त्याच्या पायांच्या सांध्यांना तशी कडी आहे. मामाला ती कडी नाही, पण झोप तेवढीच.

सकाळी मी वहीत तास मांडले. पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत काम, मधे प्रदर्शनाचे दोन तास घोड्याला फिरवत उन्हात, मग रात्रीच्या राखणीचे तीन-चार फेरे. पगार विचारला. त्यानं आकडा सांगितला, आणि पाठोपाठ म्हणाला, "छापू नका सर. मालक वाचते." म्हणून छापत नाही. इतकंच लिहितो, की घोड्याच्या महिन्याच्या खुराकाचा आकडा त्यानंच मला आधी सांगितला होता, आणि तो मोठा होता.

पगार तोंडी ठरतो. दसऱ्याला उचल घ्यायची आणि वर्षभर फेडायची, ऊसतोड्यांसारखंच. खाणं मालकाचं, झोपणं घोड्याजवळ. प्रदर्शनात नंबर आला तर ढाल आणि धनादेश मालकाच्या नावानं, फेटाही मालकालाच. मामाला बक्षिसी, तीही त्या दिवशी मालकाचं मन कसं असेल त्यावर. या धंद्याची खरी गाठ मात्र पुढेच आहे. खराऱ्यानं घोड्याला चमक येते, चमकेनं गिऱ्हाईक येतं, आणि घोडा विकला की मामाचं काम संपतं. पुढचा घोडा येईपर्यंत घरी बसायचं. म्हणजे जितकं काम चांगलं, तितकी नोकरी लवकर जाणार. मी हे त्याला बोलून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "मंग काय घोडं मळकं ठेवू?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

एक जुना करार आठवतो. राज्य हरलेला नल बाहुक नाव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे घोडे राखायला राहिला, तेव्हा राजानं त्याला अश्वांचा अध्यक्ष केलं, हाताखाली दोन माणसं दिली आणि वेतन ठरवलं शंभर शतं, म्हणजे दहा हजार. महाभारतात हे आकड्यानिशी आहे. हाच बाहुक पुढे एका दिवसात रथ हाकत आपल्या विदर्भात, कुंडिनपुरात आला आणि रथाचा आवाज ऐकूनच दमयंतीला संशय आला, की हा नलच. नकुलानंही अज्ञातवासात विराटाचे घोडेच राखले. शिवकाळातला सभासद पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असा हिशेब देतो. पाणी आणणारा माणूससुद्धा तेव्हा कागदावर होता.

आज कागदावर काय आहे ते मी परतल्यावर शोधलं. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे केंद्रीय नियम फार बारकाईनं लिहिले आहेत. एका मालमोटारीत चार ते सहाच घोडे. दोन घोड्यांमधे किमान आठ सेंटिमीटर जाडीचा बांबू. तोंडं डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांना घोडे बुजणार नाहीत. वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त नको. आणि गाडीत एक राखणदार असावा. बांबूची जाडी आहे. राखणदार बसेल कुठं, हे त्या कलमात नाही. मामा बसतो घोड्यांच्या पायाशी, पेंढ्यावर. वेगाचं मी ड्रायव्हरला विचारलं. तो हसला.

१९४८ च्या किमान वेतन कायद्यात अनुसूचीत ज्या धंद्याचं नाव, त्यालाच किमान वेतन. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनं ही अट काढली. आस्थापनेतल्या कुठल्याही कामगाराला किमान वेतन, जादा तासांना निदान दुप्पट दर. ऐकायला गोड. पण आस्थापना म्हणजे जिथं उद्योग-धंदा चालतो ती जागा, आणि घोडेमालकांतला कुणीही घोड्याला धंदा म्हणत नाही. सगळे एकच शब्द वापरतात, शौक. मालकाच्या वाड्यामागच्या तबेल्यात हजेरीपट मागायला कोण जाणार? आमच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत, १९७२ च्या दुष्काळात, रोजगार हमीची कामं निघाली. खडी फोडणाऱ्या बाईचं नाव तेव्हापासून मस्टरवर येतं. मामाचं नाव कुठल्याच मस्टरवर नाही.

शर्यतीच्या घोड्यांकडे निदान भांडायला जागा होती. रेसकोर्स चालवणारा क्लब कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या दृष्टीनं 'दुकान' ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मधे बंगळूरच्या टर्फ क्लबच्या खटल्यात सांगितलं. २०१६ मधे मुंबई-पुण्याचा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबही हरला आणि शर्यतीपुरत्या लावलेल्या हंगामी कामगारांनाही विम्याचं छत्र मिळालं. क्लबला फाटक असतं, हिशेबाची वही असते, म्हणून खटला उभा राहतो. जत्रेतल्या दाव्याच्या खुंटीला फाटक नसतं. इंग्लंडात घोड्यांच्या चाकरमान्यांनी २००७ मधे आपली संघटना काढली, कारण तिथंही पगार रोखीत, करार तोंडी आणि स्पर्धेच्या दिवशी झोप घोड्याच्या ट्रकमधे, ही तक्रार होतीच. २०२३ मधे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतानं घोडेस्वारीत ४१ वर्षांनी सुवर्ण मिळवलं. चार स्वारांची नावं सगळीकडे छापून आली, घोड्यांचीही आली. खरारा करणाऱ्यांची मी शोधली, माझ्या वाचनात आली नाहीत.

मामाच्या डाव्या मांडीवर नालेचा ठसा आहे, अर्धचंद्रासारखा, जुना. लाथ बसली तेव्हा मालकानं दवाखान्याचं बिल भरलं, हे तो दोनदा सांगतो, उपकार म्हणून. महिनाभर घरी होता त्याचा पगार विचारला तर बिडी पेटवतो. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदीत सहज सापडतात. त्याला शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नाही. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्याकडून माणसाला होतो, तो नुसता संशय आला तरी घोड्याचं रक्त तपासतात, प्रमाणपत्राशिवाय बाजारात घेत नाहीत. घोड्याचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पाकिटात घालून मामाच्या खिशात होतं. त्याच खिशात तंबाखूची पुडी.

मुलगा पुण्यात आहे, गोदामात. येणार नाही म्हणतो. एकुणात घोडेच कमी होत चालले आहेत : २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास होते, २०१९ मधे ३.४ लाख. उरलेले बरेचसे शौकाचे, म्हणजे ज्यांच्या भोवती माणसं कमी आणि फेटे जास्त. ढोलावर नाचणाऱ्या घोड्यांच्या तोंडात काटेरी लगाम दिसले; तेही मामानंच दाखवले, मान वळवून, बोट न करता.

तिसऱ्या दिवशी दुपारी घोडा विकला गेला. मालकानं पेढे वाटले, मलाही दिला. घेणाऱ्यांचं गाव लांबचं, त्यांच्याबरोबर एक अठरा-वीस वर्षांचा पोरगा होता, नव्या चपला घातलेला. गाडी लागेपर्यंत मामा त्याला घेऊन घोड्याशेजारी उभा होता. गार पाणी नको, थोडं ऊन दाखवून दे. हरभरा एकदम वाढवू नको. छत्री उघडली की बुजते. उजवा मागचा पाय उचलताना आधी कुल्ल्यावर हात ठेव. पोरगा हो हो म्हणत होता आणि मोबाइलकडे बघत होता. मग मामानं त्याचं डोकं, मागून मान धरून, अलगद घोड्याच्या कुशीला टेकवलं.

"आयक," तो म्हणाला. "अजून नाही. थांब."