कपाच्या काठावरची फुचिको

जपानी गाशापॉनमधली (यंत्रात नाणी टाकून कॅप्सूलमध्ये मिळणाऱ्या छोट्या खेळण्यांमधली) माझी सगळ्यात लाडकी मूर्ती म्हणजे ‘कप नो फुचिको’. ऑफिसच्या गणवेशातली ही चिमुकली बाई कपाच्या काठावर बसते, लोंबकळते, कधी उलटी झोके घेते. मांगा-चित्रकार तानाका कात्सुकी यांची ही कल्पना कितान क्लब या कंपनीने 2012 मध्ये बाजारात आणली. कुठल्याही कार्टूनचा आधार नसताना ती मोठ्या माणसांनीच डोक्यावर घेतली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

नाणी टाकून मूठ फिरवायची ही कॅप्सूल-यंत्रं जपानमध्ये 1965 मध्ये अमेरिकेतून आली. 1977 मध्ये बांदाई कंपनी या धंद्यात उतरली. आज एका कॅप्सूलला साधारण 300 ते 500 येन पडतात. टोकियोच्या इकेबुकुरोत बांदाईचं सुमारे 3,000 यंत्रांचं दालन आहे.

आतून काय निघेल ते आपल्या हातात नसतं, त्यामुळे संच पुरा करताना तीच ती मूर्ती पुन्हा पुन्हा येते. अशा वेळी टोकियोतल्या अकिहाबारा किंवा नाकानो ब्रॉडवेमधली जुन्या वस्तूंची दुकानं गाठावीत. तिथे सुट्या मूर्ती मिळतात. कॅप्सूलमधला छापील कागद मात्र टाकू नका, संचात काय काय आहे ते त्यावरूनच कळतं.

मऊ पीव्हीसीच्या मूर्ती बंद डबीत, उष्णतेत चिकट होतात आणि उन्हात रंग उडतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर त्या खिडकीपासून लांब, हवेशीर कपाटातच ठेवा.

तुमच्याकडे फुचिको असेल, तर फोटो नक्की टाका!