विरोधी सभासदाचे कर्तव्य

नगरपालिकेच्या सभेत कोणी हरकत घेतली की, ‘हे लोक उगाच कामात खो घालतात,’ असे उद्गार पुष्कळांच्या तोंडून आम्ही ऐकतो. वर्गातील मुलेही विचारतात, ‘सर, ज्यांचे बहुमत त्यांनीच कारभार करावा, इतरांनी तेथे बसून काय करावयाचे?’ या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या इतिहासात सापडते.

महात्मा जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार, सबब शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्चावे, असा प्रस्ताव निघाला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे म्हणून जोतीरावांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. प्रस्ताव मंजूर झाला. तरीही कोणत्या खर्चाचे अगत्य अधिक, हा प्रश्न त्यांनी सभेस ऐकविलाच. आणि ज्या सरकारने आपणांस नेमले, त्याची भीड धरली नाही.

विरोधी सभासदाची दोन कर्तव्ये येथे दिसून येतात. पहिले, हिशेब विचारणे. घरपट्टी व पाणीपट्टी सर्वांकडून घेतली जाते. केवळ बहुमतवाल्यांस मते देणारांकडून नव्हे. मग नळ कोणत्या वस्तीत आधी गेला, गटाराचे काम कोणत्या दराने दिले, हे सर्वांच्या वतीने कोणी तरी विचारलेच पाहिजे. दुसरे, अधिक चांगला मार्ग दाखविणे. जोतीराव नुसते ‘नको’ म्हणाले नाहीत. पैसा कोठे लावावा तेही त्यांनी सांगितले.

हे काम एखाद्याच्या धैर्यावरच अवलंबून राहू नये, म्हणून महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या कायद्यात विरोधी पक्षनेत्याच्या पदास मान्यता आहे. स्थायी समितीतील जागाही पक्षांच्या संख्याबळाच्या प्रमाणात भरल्या जातात. खर्चाची मोठी कामे या समितीपुढे येतात. तेथे एकाच पक्षाचे लोक बसले, तर खर्च करणारा आणि तपासणारा एकच होईल.

मात्र विरोध मुद्द्यास असावा, माणसास नव्हे. चांगल्या कामास केवळ ते दुसऱ्यांनी मांडले म्हणून अडविणे, हा नागरिकांचा द्रोह होय.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वर्गसभेत उद्या एकच हात विरुद्ध वर येईल. त्यास हसू नका. आधी त्याचे कारण विचारा.