टिपऱ्यांनी वाजणारा कीबोर्ड

मुलांनो, मॅलेटकॅट दिसतो झायलोफोनसारखा, पण टिपरी पडली की पट्टीखालचा सेन्सर फक्त स्वराचा क्रमांक आणि आघाताचा जोर (१ ते १२७) कळवतो. आवाज काढतं ते साउंड मॉड्यूल. काहींत ते आतच असतं. नसेल तर मिडीची वायर मॅलेटकॅटच्या ‘आउट’मधून मॉड्यूलच्या ‘इन’मध्ये घाला, चॅनल दोन्हीकडे एकच ठेवा. गणपतीच्या कार्यक्रमात ऐनवेळी आवाज आला नाही, तर आधी हेच तपासा!

भूप वाजवायचाय? पांढरी एकचा सा ६०, रे ६२, ग ६४, प ६७, ध ६९. गाणारी ताई काळी एकमध्ये गात असेल तर सगळे एकाने वाढवा. नुसत्या टिपरीने मींड मात्र निघत नाही.

हेडफोन लावला तरी टकटक इथल्या लाकडी जमिनीतून खालच्या शेजाऱ्यांकडे जातेच. स्टँडखाली जाड सतरंजी घाला.